प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालंय? उपचार ठरवण्याआधी हे क्रमाने करा

वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘अडेनोकार्सिनोमा’ (ग्रंथीच्या पेशींतला कॅन्सर) हा शब्द आलाय. घरात एक जण म्हणतोय उद्याच ऑपरेशन करून टाका, दुसरा म्हणतोय मुंबईला टाटाला न्या, तिसरा म्हणतोय या वयात कशाला त्या फंदात पडता. तुमच्याकडे असं चाललं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्या वडिलांना, अण्णांना, हा आजार निघाला तेव्हा त्यांचं वय ६८ होतं. रिपोर्ट, फाइल, डॉक्टरांशी बोलणं, योजनेचे कागद हे सगळं माझ्याकडे होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणता उपचार घ्या हे सांगणार नाही. तो निर्णय नीट घेता यावा म्हणून काय कधी करायचं आणि कुणाला काय विचारायचं, तेवढं सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हा कॅन्सर बहुतेक वेळा सावकाश वाढतो. तो प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीपुरता मर्यादित असेल, तर माहिती गोळा करण्यात आणि दोन डॉक्टरांना भेटण्यात काही आठवडे गेले म्हणून बिघडत नाही. घाबरून पहिल्या आठवड्यात घेतलेला निर्णय मात्र वर्षानुवर्षं सोबत राहतो, कारण इथल्या जवळपास प्रत्येक उपचाराचा परिणाम लघवीवर, लैंगिक संबंधांवर किंवा हाडांवर होतो.

१. थांबायचं नाही अशी लक्षणं आहेत का, ते आधी बघा

वर म्हटलं ते सगळ्यांना लागू नाही. पाठ किंवा कंबर सतत दुखतेय, रात्री जास्त दुखतेय आणि त्याबरोबर पायांतली ताकद कमी झालीय, पाय बधिर होतायत, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, असं काही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. आजार मणक्यात उतरून मज्जारज्जूवर दाब आल्याची ही खूण असू शकते. यात तासांचा हिशेब असतो. एकदा पाय गेले की पुन्हा उभं राहता येईलच असं नाही. लघवी पूर्ण तुंबली असेल तरीही वाट बघू नका. ‘वयामुळे कंबर दुखतेय’ म्हणून बाम चोळत बसण्यात आपल्याकडे फार वेळ जातो.

२. पीएसएचा आकडा एकटा वाचू नका

पीएसए ही साधी रक्ततपासणी. ४ च्या वर आला की रिपोर्टवर ठळक अक्षरात छापतात आणि घर हादरतं. पण पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथी तयार करते ते प्रथिन आहे, कॅन्सरच तयार करतो असं नाही. ग्रंथी वयानुसार वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तरी तो वाढतो. संसर्ग असेल तर तो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

याच्या उलट जाणारा एक सापळा आहे. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधं चालू असतील, तर सहा महिन्यांनंतर पीएसए साधारण निम्मा दिसतो. म्हणजे रिपोर्टवरचा ३ हा खरं तर ६ च्या आसपास धरायला हवा. बरेच जण ही गोळी वर्षानुवर्षं ‘लघवीची गोळी’ म्हणून घेत असतात आणि नवीन डॉक्टरांना सांगत नाहीत. चालू असलेल्या औषधांची पाकिटंच सोबत न्या.

आणखी एक गैरसमज हमखास भेटतो: ‘यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीच झालंय, मग कॅन्सर कसा होईल?’ दुर्बिणीतून केलेल्या त्या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा फक्त आतला, लघवीचा मार्ग अडवणारा भाग खरवडून काढतात. बाहेरचं आवरण तसंच राहतं, आणि कॅन्सर बहुधा त्या बाहेरच्या भागातच होतो.

पीएसएचे जुने रिपोर्ट सापडतील तेवढे शोधा आणि तारखेनुसार एका कागदावर लिहून काढा. आमच्या बाबतीत प्रत्येक डॉक्टरांनी जाडजूड फाइल बाजूला ठेवून आधी तो एक कागद वाचला.

३. आधी एमआरआय, मग बायोप्सी

बायोप्सी अजून झाली नसेल तर त्याआधी प्रोस्टेटचा एमआरआय करायचा का, हे नक्की विचारा. गाठ नेमकी कुठे आहे ते दिसलं तर सुई तिथे लावता येते. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साठतं आणि पुढचे काही आठवडे एमआरआयचं चित्र स्पष्ट येत नाही. रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स नावाचा १ ते ५ असा गुण असतो. ४ किंवा ५ म्हणजे संशय दाट.

बायोप्सी, म्हणजे आपण ज्याला तुकडा काढणं म्हणतो ती, साधारण अर्ध्या तासात उरकते. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून बारीक सुईने साधारण बारा नमुने घेतात. काही ठिकाणी गुदद्वार आणि अंडकोष यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालतात, त्यात संसर्गाचा धोका कमी असतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी बंद करायची हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा, स्वतःच्या मनाने नको. नंतर काही दिवस लघवीतून आणि काही आठवडे वीर्यातून थोडं रक्त जातं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस घाबरतो. थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. असं काही होत नाही. तुकडा न तपासता उपचार ठरवणं अतिशय क्वचित प्रसंगी योग्य असतं, आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो, शेजाऱ्यांचा नव्हे.

४. ग्लीसन म्हणजे काय ते समजून घ्या

रिपोर्टमध्ये ‘ग्लीसन ३+४=७’ असं काहीतरी असेल. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली. पेशींची ठेवण जितकी विस्कटलेली, तितका आकडा मोठा. पहिला आकडा सर्वांत जास्त दिसणाऱ्या ठेवणीचा, दुसरा त्याखालोखालच्या. आजकाल यासोबत १ ते ५ असा ‘ग्रेड ग्रुप’ही देतात, तो समजायला सोपा आहे:

- ३+३=६ : ग्रेड ग्रुप १, सगळ्यात शांत
- ३+४=७ : ग्रेड ग्रुप २
- ४+३=७ : ग्रेड ग्रुप ३
- बेरीज ८ : ग्रेड ग्रुप ४
- बेरीज ९ किंवा १० : ग्रेड ग्रुप ५

३+४ आणि ४+३ दोन्ही ‘सात’च, पण दुसऱ्यात आक्रमक पेशींचा वाटा जास्त. फोनवर नातेवाइकांना ‘ग्लीसन सात आलाय’ एवढंच सांगू नका, आणि दुसऱ्या डॉक्टरांना तर मुळीच नाही.

१० पैकी ६ म्हणजे आजार निम्म्याहून पुढे गेला, असा अर्थ लावून अण्णांच्या एका मित्राने जेवण सोडलं होतं. बायोप्सीत सहाच्या खालचा आकडा आता व्यवहारात देतच नाहीत. सहा ही सुरुवात आहे.

५. स्लाइड आणि ब्लॉक ताब्यात घ्या

हे काम कुणी आपणहून सांगत नाही, आणि ऐनवेळी यावरूनच एक फेरी फुकट जाते. काढलेले तुकडे मेणात बसवून जपून ठेवलेले असतात, ते ‘ब्लॉक’. त्यांचे पातळ काप काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्या ‘स्लाइड’. मोठं कॅन्सर रुग्णालय बाहेरच्या रिपोर्टवर विसंबत नाही. त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः स्लाइड बघतात. कधी कधी ग्रेड बदलतो, आणि ग्रेड बदलला की उपचारही बदलतो.

बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबमध्ये साधा अर्ज द्या: रुग्णाचं नाव, नमुन्याचा क्रमांक, ‘पुढील उपचारासाठी स्लाइड व ब्लॉक मिळावेत’. सोबत ओळखपत्राची प्रत. अंगठ्याच्या नखाएवढे पिवळसर मेणाचे ठोकळे, प्लास्टिकच्या जाळीदार डबीवर पेन्सिलने नंबर घातलेला. हातात घेतल्यावर यात एवढं काय, असं वाटतं. पण यावरच सगळं उभं आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड काचेच्या असतात, त्या डबीतच ठेवा. परत घेताना मोजून घ्या, कारण पुढे जनुकीय तपासणीसाठी हेच ब्लॉक पुन्हा लागू शकतात.

फाइलमध्ये आणखी हे असू द्या:

- पीएसएच्या नोंदींचा कागद आणि मूळ रिपोर्ट
- एमआरआय आणि इतर स्कॅनच्या फिल्म, आणि त्यांची सीडी (नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही)
- बायोप्सीचा रिपोर्ट
- आधीच्या ऑपरेशनांचे डिस्चार्ज कार्ड
- मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची कागदपत्रं, अलीकडचा ईसीजी
- चालू औषधांची यादी, अ‍ॅलर्जी
- आधार कार्ड, रेशन कार्ड, मेडिक्लेम पॉलिसी असल्यास तिची प्रत
- प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स, आणि मोबाइलमध्ये फोटो

६. आजार कुठपर्यंत गेलाय

पीएसए १० च्या आत, ग्रेड ग्रुप १ आणि गाठ लहान, असं असेल तर सहसा पुढच्या स्कॅनची गरजही नसते. पीएसए २० च्या वर किंवा ग्रेड ग्रुप ४-५ असेल तर आजार हाडांत किंवा लसिका ग्रंथींत गेलाय का, हे बघावंच लागतं. मधल्या गटाचं डॉक्टर ठरवतात. पूर्वी यासाठी बोन स्कॅन आणि सीटी स्कॅन करत. आता प्रोस्टेटच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधणारा पीएसएमए पेट स्कॅन आलाय, तो जास्त बारकाईने दाखवतो. महाग आहे आणि मोठ्या शहरांतच मिळतो. तो करायला सांगितलं तर एवढं विचारा: ‘याच्या निकालावरून उपचार बदलणार आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर खर्च सार्थकी लागतो.

७. पैशांचं आधी बघा

लोक हे सगळ्यात शेवटी बघतात, म्हणून मी मध्येच सांगते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आता दरवर्षी प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि २०२४ पासून ती महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांसाठी खुली झाली आहे. फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना मिळते ही समजूत जुनी झाली. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न घालता निघतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे.

इथे चूक होते ती अशी. योजना कॅशलेस आहे. आधी मंजुरी, मग उपचार. स्वतःच्या खिशातून पैसे भरून टाकले आणि नंतर परतावा मागितला, असं चालत नाही. रुग्णालय योजनेत आहे का, आपल्याला हवा तो उपचार तिथल्या पॅकेजमध्ये बसतो का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून विचारा. हेल्पलाइन १५५३८८. रोबोटिक ऑपरेशन आणि महागड्या गोळ्या यांच्याबद्दल वेगळं विचारा, मेडिक्लेममध्येही यांवर अनेकदा मर्यादा असते. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते. तिचा छापील फॉर्म रुग्णालयाकडून भरून, शिक्का मारून घ्यावा लागतो.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये जायचं असेल तर तिथे जनरल आणि प्रायव्हेट असे दोन भाग आहेत, खर्चात बराच फरक पडतो. नोंदणी करताना विचार करून ठरवा. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा कित्येक कुटुंबांना आधार झालाय, पण जागा मिळेलच असं धरून जाऊ नका, आधी चौकशी करा. मुंबईच जवळ करायला हवी असंही नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रेडिएशन कित्येक आठवडे चालू शकतं. घराजवळ चांगली सोय असेल तर म्हाताऱ्या माणसाचे हाल वाचतात.

८. ग्रंथीपुरता आजार: दोघांना भेटल्याशिवाय ठरवू नका

या लेखातली माझी सगळ्यात मोठी विनंती हीच आहे. बायोप्सी करणारे युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे डॉक्टर, हे सर्जन असतात, त्यामुळे पहिला सल्ला बहुधा ऑपरेशनचा येतो. तो चुकीचा असतो असं नाही. पण रेडिएशनच्या डॉक्टरांना, म्हणजे रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टना, न भेटता ऑपरेशनला होकार देऊ नका. आणि उलटही नको. पर्याय तीन असतात.

नुसतं लक्ष ठेवणं. ग्रेड ग्रुप १ मध्ये हा सहसा पहिला पर्याय असतो. साधारण सहा महिन्यांनी पीएसए, ठरावीक काळाने एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी. आजाराने चाल बदलली तर त्या वेळी उपचार. आपल्याकडे ‘कॅन्सर आहे आणि काहीच करत नाही’ हे पचनी पडत नाही, घरचेच रुग्णाला स्वस्थ बसू देत नाहीत. त्यांना ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासाबद्दल सांगा. मर्यादित आजार असलेल्या १,६४३ पुरुषांचे देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन असे तीन गट केले होते. १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली आले: प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू सुमारे २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, ९.४ टक्के, इतर दोन गटांत ५ च्या आसपास. म्हणजे हा पर्याय खरा आहे, पण तपासण्या चुकवणाऱ्यासाठी नाही. ग्रेड वरचा असेल तर तो लागूच होत नाही.

ऑपरेशन. यात पूर्ण ग्रंथी आणि वीर्यकोश काढतात. उघडून, दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने. रोबोटने रक्तस्राव कमी होतो, माणूस लवकर घरी येतो. पण पुढे लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता कशी राहील, हे यंत्रापेक्षा सर्जनच्या हातावर जास्त अवलंबून असतं. म्हणून ‘रोबोट आहे का’ यापेक्षा ‘तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि वर्षभरानंतर तुमच्या किती रुग्णांना पॅड लागतं’ हे विचारा. सरळ विचारा. चांगले सर्जन रागावत नाहीत.

लघवीची नळी एक-दोन आठवडे राहते. ती काढल्यावर लघवी गळते, हे जवळजवळ सगळ्यांना होतं. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींना वर्ष लागतं, थोड्यांचं राहतं. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळण्याचा व्यायाम ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून शिकून घ्या. नंतर दुखत असताना शिकणं अवघड जातं. डायपर, पॅड, गादीवर टाकायचं प्लास्टिक घरात आधीच आणून ठेवा.

ताठरता कमी होणं किंवा जाणं, हा दुसरा परिणाम. नसा वाचवता आल्या तर दोनेक वर्षांत बऱ्याच जणांना काही प्रमाणात परत येते, औषधांचीही मदत होते. वीर्य मात्र कायमचं थांबतं. हे मुलीने विचारायचं तर कसं, मुलाने तरी कसं? आम्ही आईला आणि अण्णांना डॉक्टरांसमोर एकटं सोडून बाहेर थांबलो. तुम्हीही तसंच करा. पासष्ट-सत्तरीच्या माणसाला यातलं काही नको असतं असं गृहीत धरण्याचा अधिकार मुलांना नाही.

रेडिएशन, गावाकडे ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात. पूर्वी सात-आठ आठवडे रोज, सोमवार ते शुक्रवार, जावं लागायचं. आता बऱ्याच ठिकाणी चार आठवड्यांत २० बैठका होतात, निवडक रुग्णांना फक्त ५ बैठकांतही देतात. तुमच्याकडे किती बैठका आणि का, हे विचारा. राहण्या-येण्याचा सगळा हिशेब त्यावर बसतो. आजार जोखमीचा असेल तर ‘फक्त प्रोस्टेटला देणार की ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींनाही?’ हाही प्रश्न विचारा. यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास टाटा मेमोरियलमध्येच झालाय, पॉप-आरटी नावाचा, २०२१ साली प्रसिद्ध झाला. २२४ रुग्णांपैकी ज्यांना ओटीपोटाच्या ग्रंथींनाही रेडिएशन दिलं, त्यांच्यात पाच वर्षांनी पीएसए आटोक्यात असण्याचं प्रमाण ९५ टक्के होतं, फक्त प्रोस्टेटला दिलेल्यांत ८१.२ टक्के. आयुर्मानात मात्र तोवर फरक दिसला नव्हता.

उपचार दुखत नाही, पण शिस्त लागते. रोज मूत्राशय ठरावीक प्रमाणात भरलेलं आणि पोट साफ हवं, नाहीतर आतड्याला किरण लागतात. वेटिंग रूममध्ये सगळे आजोबा पाण्याची बाटली घेऊन घड्याळाकडे बघत बसलेले असतात. मशीन बंद पडून उशीर झाला की त्यांचे हाल होतात. नंबर कधी लागेल हे आत विचारूनच पाणी प्यायला सुरुवात करा. वाटाणे, हरभरे, कोबी, राजमा असं गॅस करणारं तेवढे दिवस टाळा. अंगावर काढलेल्या खुणा पुसू देऊ नका. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, पातळ संडास हे त्या काळात होतं आणि बहुतेकांचं नंतर कमी होतं. पुढे एक-दोन वर्षांनीही संडासवाटे रक्त दिसू शकतं. तेव्हा दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना ‘प्रोस्टेटला रेडिएशन झालंय’ हे आधी सांगा, कारण त्या जागेचा तुकडा घेतला तर जखम भरायला त्रास होतो.

दोघांपैकी निवड कशी करायची? वय, हृदय-फुप्फुसांची तब्येत, आधीपासून लघवीला किती अडथळा आहे, आणि कोणता त्रास आपण सहन करू शकू, यावर. ऑपरेशननंतर आजार परतला तर रेडिएशन देता येतं. रेडिएशननंतर ऑपरेशन करणं फार अवघड असतं, तेव्हा दुसरे मार्ग बघावे लागतात. ऐंशीच्या घरातल्या, हृदयविकार असलेल्या माणसाला हा मुद्दा लावत बसू नये. साठीतल्या तब्येतीने धडधाकट माणसाने मात्र तो नीट समजून घ्यावा. अण्णांनी रेडिएशन निवडलं, त्यांच्या हृदयात स्टेंट आहे. त्यांच्या जागी दुसरा माणूस असता तर मी कदाचित ऑपरेशनच्या बाजूने बोलले असते.

९. हॉर्मोनचे उपचार

हा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर, पोसतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. हॉर्मोन तोडण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन. दोन, अंडकोषातल्या ग्रंथी काढून टाकण्याचं छोटं ऑपरेशन.

जोखमीच्या आजारात रेडिएशनसोबत दीड ते तीन वर्षं, मधल्या गटातल्या काहींना चार ते सहा महिने इंजेक्शन देतात. इथे ऑपरेशनचा प्रश्न नसतो, कारण हॉर्मोन पुन्हा सुरू व्हायला हवेत. आजार पसरलेला असेल आणि उपचार जन्मभर लागणार असेल, तर मात्र ऑपरेशनचा विचार जरूर करा. एकदाच होतं, इंजेक्शनांच्या तुलनेत खर्च नगण्य, गावाहून दर तीन महिन्यांनी यावं लागत नाही, आणि परिणाम तासांत दिसतो. पुरुषांना हे ऐकूनच नको वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. बाहेरचं आवरण तसंच ठेवून आतला भागच काढण्याची पद्धतही आहे, त्यामुळे दिसण्यात फार फरक पडत नाही. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही तर विचारा. शेती विकून इंजेक्शनं घेणाऱ्या घरांना हा पर्याय माहीत असायलाच हवा.

काही इंजेक्शनांनी सुरुवातीला हॉर्मोन उलट उसळतं. ते रोखायला आधी काही दिवस गोळी देतात, ती चुकवू नका. इंजेक्शनची तारीखही पुढे ढकलू नका, लग्नकार्य असलं तरी. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं का, हे केमिस्टला विचारून घ्या.

त्रास काय होतो? एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन घाम फुटतो, स्नायू कमी होतात, पोट सुटतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, इच्छा मरते. मन खचतं, लहानशा गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येतं. अण्णा मालिका बघताना रडायला लागले तेव्हा आई घाबरली होती. हे औषधामुळे होतंय हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. हाडांची घनता तपासून घ्या, कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा, आणि रोज चालणं व थोडं वजन उचलणं सोडू देऊ नका. या थकव्यावर विश्रांतीपेक्षा चालण्याचाच जास्त उपयोग होतो.

१०. आजार हाडांत गेला असेल तर

‘हाडाला उतरलाय’ म्हणजे सगळं संपलं, असं नाही. पूर्ण बरं होणं अवघड असलं तरी वर्षानुवर्षं चालता-फिरता येण्याजोगे उपचार आहेत. इथे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरवर औषधांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, भेटा. आता नुसतं हॉर्मोन तोडून थांबत नाहीत, झेपत असेल तर सुरुवातीपासूनच दुसरं औषध जोडतात: अ‍ॅबिरॅटेरॉन, एन्झाल्युटामाइड, अ‍ॅपाल्युटामाइड किंवा डॅरोल्युटामाइड यांपैकी गोळी, काहींना डोसिटॅक्सेलची केमो, दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा सायकल.

अ‍ॅबिरॅटेरॉनच्या भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, किमतीत मोठा फरक असतो, दोन-चार ठिकाणी विचारा. हे औषध नेहमी रिकाम्या पोटी घेतात. जेवणाबरोबर घेतल्यास रक्तात कितीतरी जास्त उतरतं. त्याचाच उपयोग करून काही डॉक्टर कमी डोस नाश्त्यासोबत देतात. ते डॉक्टरांनी ठरवलं तरच करायचं, मनाने नाही. सोबत दिलेली प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी अचानक बंद करायची नाही. रक्तदाब, पोटॅशियम आणि लिव्हरची तपासणी चालू ठेवायची. केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक आम्लाचं इंजेक्शन सांगितलं तर आधी दंतवैद्याकडे जा. किडलेला दात काढायचा असेल तर तो आधी काढा, नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून येईलच असं नाही. एखादं हाड फार दुखत असेल तर तिथे एक-दोन बैठकांचं रेडिएशन देऊन चांगला आराम पडतो. हॉर्मोनचे उपचार थकल्यावरही ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध, जनुकीय दोष सापडल्यास ओलापॅरिबची गोळी, असे मार्ग राहतात. म्हणून बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारून ठेवा.

झाडपाल्याच्या औषधाने पीएसए शून्यावर आणून देतो म्हणणारे तुमच्यापर्यंत पोहोचतीलच. रुग्णाला बरं वाटतंय म्हणून काही सुरू केलंच, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की चालू असलेली खरी गोळी थांबवावी लागते.

११. उपचारानंतरचा पीएसए

ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत पीएसए जवळपास शून्य व्हायला हवा. पुढे तो ०.२ ला पोहोचला आणि दुसऱ्या तपासणीतही तेच दिसलं, तर आजार परतल्याचं धरतात. रेडिएशननंतर ग्रंथी आतच असते, त्यामुळे शून्याची अपेक्षा ठेवू नका. तो सावकाश उतरतो, मधेच थोडा चढूनही पुन्हा खाली येतो. सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा २ ने वाढला तर डॉक्टर पुढची तपासणी करतात. हॉर्मोनची इंजेक्शनं चालू असताना आलेला छान आकडा इंजेक्शनांचाही असतो, हे विसरू नका. नेहमी एकाच लॅबमध्ये तपासा आणि त्या कागदावर आकडा लिहीत जा.

शेवटचं काम रुग्णाचं नाही, घरच्यांचं आहे. सख्ख्या भावांनी आणि मुलांनी वयाच्या ४५ पासून पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं. कुटुंबात बीआरसीए-२ चा दोष निघाला असेल तर ४० पासूनच, आणि अशा घरातल्या बहिणी-मुलींनीही स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी जनुकीय सल्ला घ्यावा. अण्णांच्या रिपोर्टची झेरॉक्स माझ्या काकांच्या आणि भावाच्या फाइलला आता लावलेली आहे.